उद्याच्या तारखेची फाईल

१

मंगळवारी सकाळची प्रार्थना संपली आणि कुणी डोळे उघडायच्या आत फोनोतींनी मला सगळ्यांसमोर गुन्हेगार ठरवलं.

"ज्या कॉम्प्युटरवर या छापखान्याचं पोट चालतं, तो लोसानं शनिवारी पुसून काढला," ते म्हणाले. "नवी सिस्टीम घातली म्हणाली. जुनी होती तेव्हा तो रडतखडत का होईना, चालत होता. आता एक पत्रक उघडायला अकरा मिनिटं लागतात. एसेतानं मोजलीत."

एसेतामावशीनं मान खाली घातली. मोजली होती तिनं, खोटं कशाला बोला? तेवढ्या वेळात तिचा कोको पिऊन व्हायचा, कप विसळून व्हायचा आणि तरी पत्रकाचा पत्ता नसायचा. आमचा छापखाना सामोआच्या राजधानीतला, आपियातला, बाजारामागचा. इथे लग्नपत्रिका छापतात, चर्चच्या गाण्यांची पुस्तकं छापतात, पण मुख्य धंदा मयताच्या पत्रकांचा. मेलेला माणूस थांबतो, त्याचे नातेवाईक थांबत नाहीत.

"शुक्रवार संध्याकाळपर्यंत हे नीट झालं तर ठीक," फोनोती म्हणाले. "नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. रोपाती नवे कॉम्प्युटर बघतोय. ते बसवणारा माणूसही त्याच्या ओळखीचा आहे."

फोनोती हा आमच्या मालकांच्या घराण्याचा किताब. त्यांचं खरं नाव छापखान्यात कुणाच्याच तोंडी नाही. किताबवाल्या माणसाला, त्यातून चर्चच्या वडीलधाऱ्याला उलट उत्तर द्यायची आमच्यात रीत नाही. पण नऊ वर्षं मी या छापखान्यातली यंत्रं जगवली होती. आपिया एवढंसं गाव. 'मशीन मारणारी बाई' असा शिक्का एकदा बसला, की पुढे मला कुणी साधी वायर जोडायला बोलावलं नसतं.

"फोनोती, मी सोमवारी येणार," मी म्हटलं. "शनिवारी मी घरी गेले तेव्हा तो कॉम्प्युटर पळत होता. मी त्याला बिघडवलेलं नाही. ज्यानं बिघडवला त्याचं नाव मी याच जागी उभी राहून सांगेन."

छपाई यंत्रावरच्या इओपुचा तळलेला गोड पानिकेके तोंडापाशी अधांतरी राहिला. फोनोती आपल्या खोलीत गेले, आणि दार नेहमीपेक्षा जरा जोरात लागलं.

२

आधी मी मशीनची झडती घेतली. धूळ काढली, पंखा फिरवून पाहिला, मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, डिस्क तपासली. व्हायरस नाही, गरम होत नाही, वीज वाचवायच्या नादात सुस्तावलेलंही नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट काही उठेना, अशी गत.

सिस्टीम जुनी होती, हे कबूल. आमचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालत नाही, म्हणून फोनोतींनी कपाटातून पंधरा वर्षांपूर्वीची मूळ सीडी काढून दिली होती. पण जुनी म्हणजे संथ असं थोडंच आहे? शनिवारी चार वाजता मी इओपुसमोर चाळीस पानांचं गाण्यांचं पुस्तक चटकन उघडून दाखवलं होतं. रविवारी छापखाना बंद, अख्खं गाव चर्चमध्ये. म्हणजे जे काही घडलं ते सोमवारी सकाळी घडलं.

मी एसेतामावशीपासून सुरुवात केली. एकतीस वर्षं ती इथे अक्षरं जुळवते आहे, आधी शिशाची, आता पडद्यावरची.

"मावशी, सोमवारी तुम्ही काय काय दाबलंत?"

"मी?" ती उसळली. "अगं, मला तो सुरू करता येतो आणि बंद करता येतो. मधलं सगळं देव बघतो. उगाच माझ्यावर घेऊ नकोस."

"घेत नाही हो. सकाळी तो कसा होता तेवढं सांगा."

"सकाळी? प्रार्थनेआधी मी एक पत्रक उघडलं, तर पापणी लवायच्या आत समोर! मी तर दचकलेच. म्हटलं, लोसानं याला काय पाजलंय?"

"मग?"

"मग प्रार्थना. नंतर मी बहिणीला फोन लावायला बाहेर गेले. तिच्याकडे रविवार होता ना, चर्चला निघाली होती. माझं चर्च आदल्या दिवशीच झालेलं. मी तिला प्रवचनाचा विषय सांगितला, तर म्हणते, 'तू माझ्याआधी रविवार खाऊन बसलीस.'" मावशी खुदकन हसली. "नऊला परत आले तेव्हा याचा जीव गेलेला."

तिची बहीण शेजारच्या बेटावर, पागो पागोला राहते. विमानानं अर्धा तास, पण वार आमच्यापेक्षा एक मागे. पूर्वी आमचाही वार तोच होता. मग आमच्या सरकारनं जिथे वार बदलतो ती नकाशावरची रेषा ओलांडून देश पलीकडे न्यायचं ठरवलं आणि त्या वर्षीचा तीस डिसेंबर उगवलाच नाही. त्याची दिनदर्शिका फोनोतींनीच छापली होती, एकोणतीसनंतर थेट एकतीस. ती अजून त्यांच्या खोलीत चौकटीत लटकते आहे.

पण त्या वेळी माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. आठ ते नऊ. तेवढाच एक तास.

"त्या तासात आत कोण होतं?"

"रोपाती होता. इओपु येऊन जाऊन होता." मावशीनं आवाज खाली आणला. "आणि फोनोती. पण त्यांना काय विचारणार आहेस तू?"

३

रोपाती हा फोनोतींचा पुतण्या. केसांना तेल, बोलण्यालाही तेल. सोमवारी दहाच्या आत त्याच्याकडे नव्या कॉम्प्युटरांचं छापील दरपत्रक तयार होतं. माझ्या डोक्यात त्याला फाशी झालेलीच होती, फक्त पुरावा तेवढा हवा होता.

"ये, ये, सरकारी वकील," मला बघून तो म्हणाला. "माझी जबानी घ्यायला आलीस?"

"मशीन सकाळी नऊला मरतं आणि दहाला तुझं दरपत्रक येतं. बरा मुहूर्त सापडला रे तुला."

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला. ते दरपत्रक मी महिनाभर खिशात घेऊन फिरतोय, काकांना विचार. ते म्हणत होते, लोसा आहे तोवर नको." त्याचा चेहरा जरा पडला. "खरं सांगू? मला तू जायला नको आहेस. ते नवे बसवणार कोण? माझा ओळखीचा माणूस म्हणजे मी स्वतःच आहे."

"तू?"

"व्हिडिओ बघून शिकलोय."

हसू दाबायला मला ओठ चावावा लागला. "सोमवारी तू त्याला हात लावलास की नाही, एवढंच सांग."

"नाही लावला. आज दुपारी मात्र लावला. फरशी पुसायची होती म्हणून त्याची नेटवर्कची केबल काढली. तू जेवायला गेली होतीस. म्हटलं, बसलोच आहे तर एक गेम खेळावा. आणि तुझ्या त्या मेलेल्या मशीनवर गेम काय सुसाट चालला! मी तर..."

"केबल काढलेली असताना?"

"हो. मग परत लावली. रागावू नकोस ना, नीट लावली मी."

मी त्याला तिथेच सोडून आत धावले आणि केबल उपटली. डिस्कवरची एक जुनी फाईल उघडली, पापणी लवायच्या आत. केबल लावली, की मशीनचा पुन्हा ओंडका झाला.

म्हणजे मशीन आजारी नव्हतंच. मागच्या खोलीत आमची एक पेटी आहे. छापखान्यातल्या सगळ्या फाईली आणि अक्षरांचे सगळे नमुने त्या पेटीत राहतात, आणि कॉम्प्युटर प्रत्येक गोष्टीसाठी तिच्याकडे हात पसरतो. त्या दोघांचं काहीतरी फिसकटलं होतं. कुणी फिसकटवलं?

४

उरला इओपु. बुधवारी सकाळी मी त्याला शाईच्या डब्यांपाशी गाठला. एवढा दांडगा गडी, पण मला पाहून त्यानं हातातलं फडकं दोनदा पिळलं.

"इओपु, सोमवारी प्रार्थनेनंतर तू कुठे होतास?"

"मागच्या दारानं बाहेर."

"का?"

"हवा खायला."

"पावसात?"

तो हळूच म्हणाला, "लोसा, फोनोतींना सांगणार नाहीस ना? रविवारी मी चर्चला नव्हतो. खाडीपलीकडे मासे धरायला गेलो होतो. पोरांना सांगितलं होतं, तोंड उघडू नका म्हणून. पण त्यांना कळलंय."

"कशावरून?"

"सोमवारी मी जुळणीच्या खोलीच्या दारापाशी होतो. ते आत एकटेच बसले होते आणि ओरडले, 'माझ्या छापखान्यात रविवार चालायचा नाही!' मला ऐकू जावं म्हणूनच. मी जो पळालो, तो अर्धा तास शौचालयात."

"तुला नाव घेऊन ओरडले?"

"नाव कशाला घ्यायला हवं?"

खाई त्याला खवखवे. मी त्याला म्हटलं, तुझे मासे तुला लखलाभ, मी काही बोलणार नाही. दुसरं काही सुचेना म्हणून मी परत मशीनकडे आले.

दहा वीसला एसेतामावशीनं एक पत्रक तयार केलं होतं. सालेइमोआ गावचे एक म्हातारे मास्तर गेले होते, त्यांचं. नातेवाईक बाहेर बाकावर बसले होते. मावशीनं ते साठवलं, आणि ते साठायला लागलेला वेळ बघून बाकावरची मास्तरांची थोरली मुलगी रडायच्या बेतात आली. पत्रक निदान पेटीत पोचलं तरी का, हे बघायला मी माझ्या फोनवरून पेटी उघडली.

पत्रक पोचलं होतं. नाव बरोबर, वेळ दहा वीस. आणि वार गुरुवार.

मी फोन झटकला. पुन्हा पाहिलं. आज बुधवार होता. ती फाईल उद्या साठवलेली होती.

५

"मावशी, मास्तरांना कधी पुरायचंय?"

"शनिवारी. का गं? चेहरा का असा झालाय तुझा?"

मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं छातीवर हात ठेवला. "अगंबाई! उद्याची फाईल आज कशी आली?"

मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं घड्याळ पाहिलं. तास बरोबर, मिनिट बरोबर, बुधवार बरोबर, तारीख बरोबर. माझ्या फोनशी तंतोतंत जुळणारं. मग उद्या आला कुठून?

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. "बहीण," ती म्हणाली आणि फोन कानाला लावला. "हो गं. इथे दहा पंचवीस. तुझ्याकडेही दहा पंचवीसच की. फक्त तुझा मंगळवार."

मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. घड्याळ तेच, फक्त वार वेगळा. मी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला, तो जरा जोरातच लागला.

कॉम्प्युटरला तारखेखेरीज आणखी एक गोष्ट सांगावी लागते, की बाबा, तू पृथ्वीवर कुठे आहेस. शनिवारी सिस्टीम घालताना मी यादीत 'सामोआ' शोधलं होतं. एकच सामोआ होतं, तेच निवडलं. तास-मिनिटं जुळली, मी घरी गेले. वार कोण बघतो? पण सीडी होती आम्ही रेषा ओलांडायच्या आधीची. तिच्या लेखी आम्ही अजून पागोच्या बाजूला होतो, एक दिवस मागे. चूक होती ती, आणि ती माझीच. पण तेवढ्यानं मशीन बिघडलं नव्हतं. वार मागचा दिसत असला तरी आतला वेळ खरा होता, पेटीशी जुळणारा. म्हणून तर सोमवारी सकाळी ते पळत होतं.

मग कुणीतरी वार हातानं पुढे ढकलला. जागा न बदलता, फक्त वार. पडद्यावर सगळं बरोबर दिसायला लागलं, आणि आतून मशीन जगाच्या एक अख्खा दिवस पुढे गेलं.

सोमवारी सकाळी आठनंतर या पडद्यावर कोणता वार दिसत असेल? मी बोटांवर मोजलं. मग इओपुनं ऐकलेलं वाक्य आठवलं, आणि मोजायची गरज उरली नाही.

दुरुस्ती एका मिनिटाची होती. मी ती तिथे केली नाही. मास्तरांचं पत्रक मी केबल काढून, ती माझ्या लॅपटॉपला लावून छापून दिलं, म्हणजे त्यांच्या मुलीला थांबावं लागलं नाही. बाकीचं दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेवर सोडलं. माझ्यावर खापर चारचौघांत फुटलं होतं, मी ते कोपऱ्यात बसून गोळा करणार नव्हते.

६

गुरुवारी 'आमेन' झाल्यावर मी उभी राहिले.

"आधी माझी चूक," मी म्हटलं. "शनिवारी मी तास बघितला, वार बघितला नाही. मशीन एक दिवस मागे होतं. आता एक प्रश्न विचारते. सोमवारी सकाळी त्याच्यावर रविवार दिसत होता. तो सोमवार कुणी केला?"

रोपातीनं दोन्ही हात वर केले. मावशी म्हणाली, "मला कुठलं येतंय ते!" इओपु जमिनीकडे बघत होता, आणि मग त्याचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

"मी केला," फोनोती म्हणाले. आवाजात जराही डगमग नव्हती. "त्यात विचारायचं काय? पत्र लिहायला बसलो तर वर रविवार. माझ्या छापखान्यात रविवारी काम झालेलं नाही, माणसाचं नाही आणि मशीनचंही नाही. तारीख चुकीची होती, मी बरोबर केली."

"तारीख बरोबर केलीत. देश चुकीचाच ठेवलात."

"म्हणजे?"

"मशीन समजतं की आपण अजून पागोच्या बाजूला आहोत. तिथून तुम्ही त्याला एक दिवस पुढे ढकललंत. तेव्हापासून ते रोज मागच्या पेटीचं दार ठोठावतं आणि उद्याची चिठ्ठी दाखवतं. पेटी म्हणते, उद्या अजून यायचाय, चल हट. ते परत ठोठावतं. चार-पाचदा हाकलून दिल्यावर कशीबशी मागच्या दारानं एक फाईल मिळते. मग दुसऱ्या फाईलसाठी परत तेच. अकरा मिनिटं त्यात जातात." मी फोनवर मास्तरांच्या पत्रकाची नोंद दाखवली. "हे काल साठवलं. पेटीत तारीख आजची आहे."

फोनोतींनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं. ज्या माणसानं देशाची नवी दिनदर्शिका छापली, त्याला हे समजायला वेळ लागायचं कारण नव्हतं. त्यांचे कान लाल झाले.

"लोसा, माझ्या खोलीत ये," ते म्हणाले. "आत बसून बोलू."

"नाही, फोनोती."

मी म्हटलं, "मंगळवारी तुम्ही मला आत बोलावलं नव्हतं. इथे बोललात. मी इथे उभं राहून ऐकलं. आता इथेच बोला."

बाहेर बाजारात कुणीतरी नारळांच्या टोपल्या उतरवत होतं. मला वाटलं, संपलं, आता सोमवारची गरजच नाही. मग ते बाकावरून उठले. आमच्याकडे वडीलधारा बसून बोलतो आणि लहान ऐकतो. ते उठले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"लोसानं शनिवारी काम केलं ते चाललं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सोमवारी हात मी लावला. मंगळवारी न विचारता दोष मी तिच्या माथी मारला. मला माफ कर, लोसा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. "केलं," मी म्हटलं.

"मग आता ते नीट कर."

"त्यात एक अडचण आहे. या सीडीच्या यादीत आपण नाहीच. रेषेच्या या बाजूचा सामोआ तिला माहीतच नाही. आपलं घड्याळ आणि आपला वार, दोन्ही जुळणारी एकच जागा त्या यादीत आहे."

"कुठली?"

"टोंगा."

रोपाती फिस्सकन हसला आणि त्यानं तोंडावर हात धरला. इओपुला खोकला आला. टोंगाच्या राजांना आमच्या पूर्वजांनी याच बेटावरून समुद्रात पिटाळलं, असं इथलं प्रत्येक पोर शिकतं, आणि रग्बीच्या मैदानावर ते भांडण आजही धगधगतं.

"माझं मशीन," फोनोती एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "टोंगात राहणार?"

"नाहीतर अकरा मिनिटं."

ते ताडताड जुळणीच्या खोलीत गेले आणि मी दुरुस्तीला बसते त्या माझ्या खुर्चीत बसले. आम्ही सगळे मागे गोळा झालो. "कुठे दाबू?" ते म्हणाले. मी सांगत गेले, खाली, अजून खाली, आता थांबा. त्यांचं बोट त्या नावावर बराच वेळ थांबलं. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि दाबलं. वार एक पुढे सरकला तो मी त्यांच्याकडून मागे घेववला. पडद्यावर गुरुवार आला, या वेळी आतूनही. मावशीनं खांद्यावरून हात घालून गाण्यांचं पुस्तक उघडलं, आणि चाळीसच्या चाळीस पानं तिचा हात मागे जायच्या आत समोर आली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फोनोती पडद्याकडे बघत तसेच बसून राहिले, बहुधा मी काहीतरी बोलावं म्हणून. बाहेर बाकावर आजची पहिली माणसं येऊन बसली होती, हातात गेलेल्याचा फोटो घेऊन.

"फोनोती, उठा आता," मी म्हटलं. "ती माझी खुर्ची आहे, आणि मला काम आहे."

ते उठले.